आग्रह

दोन भाग साखर, एक भाग पाणी.
एकतारी नाही, दोनतारी नाही,
उकळायचाच नाही. कोमट पाण्यात
साखर नुसती विरघळू द्यायची.
पाक करपला तर त्यांची पोटं बिघडतात,
एनिड प्रॉसर म्हणाली, आणि मी
जिलब्यांचा सगळा अनुभव मागच्या दारी ठेवला.

लेडबरीबाहेर, सफरचंदांच्या बागेच्या कडेला
माझ्या चार पेट्या.
सप्टेंबरात गांधीलमाश्या दाराशी घुटमळतात,
म्हणून वाढायचं तिन्हीसांजेला, थेंब न सांडता.

किती वाढायचं, हे डोळ्यांना कळत नाही.
पेटीच्या बुडाखाली हात घालून
एक कड बोटभर उचलायची.
जमिनीला खिळल्यासारखी वाटली तर पुरे,
सहज उचलली गेली तर अजून.
एनिडचा हात जाणतो. माझा अजून विचारतो.

मागच्या वर्षी मी थांबलेच नाही.
डबा रिकामा दिसला की भरला.
आमच्याकडे पानावर नको म्हणणाऱ्याचं
कोण ऐकतं?
आणि मधमाश्यांना तर नको म्हणताच येत नाही.
मिळेल ते साठवत गेल्या, कोठीत, ओसरीवर,
शेवटी बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा.
राणीला अंडं घालायला एक घर उरलं नाही.
मार्चमध्ये उघडलं तर चौकटी काठोकाठ,
आणि तळाशी ओंजळभर म्हाताऱ्या माश्या,
मागे कोणी नाही.
एनिडनं एक चौकट हातात तोलली.
"जड आहे," एवढंच म्हणाली.

यंदा चर्चच्या भिंतीवर आयव्ही फुललीय.
पेटीतून तिचा उग्र दर्प येतो,
म्हणजे त्यांचं त्या आणताहेत.
पहाटे गवत पांढरं असतं. आता दिलेला पाक
त्यांना आटवता यायचा नाही.
आज अकरा ऑक्टोबर.
पहिली जड. दुसरी जड.
चौथी जडच म्हणायची.
तिसरीपाशी दोनदा वाकले,
जगमध्ये पाक होता, म्हणून.
हात पुरे म्हणाला. दोन्ही वेळा.

डबे काढले, धुतले, शेडमध्ये पालथे घातले.
पेलाभर पाक उरला, तो टाकवेना.
चहात घातला.
फार गोड झाला. उभ्यानंच प्यायले,
खिडकीतून पेट्यांकडे बघत.
कोणी काही मागायला आलं नाही.