तळटीप एक्केचाळीस

निकोसियात उतरले तेव्हा बॅगेत चौऱ्याऐंशी प्रश्न होते,
तीन भाषांत छापलेले.
सतरावा: शेजाऱ्यावर तुमचा विश्वास किती? एक ते पाच, खूण करा.
समोर पांतेलिस, नगरपालिकेचा निवृत्त अभियंता,
वय एक्क्याऐंशी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली.
कागद लांब धरला, जवळ धरला,
म्हणाला, "व्यास?"
कशाचा?
"या विश्वासाचा. नळ टाकायचा तर व्यास लागतो."

मी हसले नाही. उत्तरदात्यासमोर हसू नये, असं शिकवलेलं असतं.

आमच्या शास्त्रात अशा शहरांना नाव आहे,
त्या नावाला पोटनावं, आणि पोटनावांवरून
दोन प्राध्यापकांचं वीस वर्षं बोलणं बंद.
एक म्हणतो, आधी संस्था उभ्या करा, माणसं मागून येतील.
दुसरा म्हणतो, आधी माणसं.
बाकीचे आम्ही, अनुदान संपेस्तोवर
दोघांनाही संदर्भसूचीत शेजारी शेजारी बसवतो.

तो गटारांबद्दल बोलत होता.
शहराच्या मधोमध तार आली, वाळूची पोती आली,
दोन्हीकडची माणसं एकमेकांना पाण्यात पाहू लागली
(हा वाक्प्रचार माझा; त्याच्या ग्रीकमध्ये तो नाही),
आणि पाणी?
"पाणी इकडून तिकडे उतरतं. दक्षिणेकडून उत्तरेला.
उताराला कोण सांगणार?"

म्हणून दर मंगळवारी दोन माणसं भेटायची,
हा, आणि पलीकडचा नेवझात.
करार म्हणायचं नाही. करार म्हटलं
की समोरच्याचं सरकार मानल्यासारखं होतं.
इतिवृत्त नाही, सही नाही, तारीखसुद्धा पेन्सिलीनं.
मेजावर नकाशा, नेवझातच्या खिशातल्या भाजलेल्या भोपळ्याच्या बिया,
आणि सहाशे मिलिमीटर की आठशे,
यावरून संध्याकाळपर्यंत आरडाओरडा.
"भांडलो तर खूप," तो म्हणाला, "पण नळावरून."

मी लिहून घेतलं. कोणत्या रकान्यात घालावं कळेना.
सहकार्य? अनौपचारिक संवाद?
की नुसतं मलनिस्सारण?

टेप बंद केल्यावर
(टेप बंद केल्यावरच सांगतात)
म्हणाला, घर पलीकडे होतं. गावाचं नाव आता वेगळं आहे.
चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेगडीवर भांडं ठेवून निघाले, ते निघालेच.
पुढे नाके उघडले. बायको जाऊन आली, मुली जाऊन आल्या,
त्यांनी आणलेले फोटो त्यानं पाहिले नाहीत.
मला वाटलं, त्या घरावर यानं पाणी सोडलं.
पण नाके उघडण्याच्या कितीतरी आधी, एका मंगळवारी,
नेवझातनं नकाशाच्या कोपऱ्यात
मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं:
गेलो होतो. तुझ्या अंगणातली मोरी तुंबली होती.
काढली. तुझ्या बापानं उतार बरोबर दिलाय.

तो नकाशा दप्तरात गेला, दप्तर तळघरात,
तळघरात एका हिवाळ्यात पाणी शिरलं.
नेवझात गेल्याचं त्याला पाच आठवड्यांनी कळलं,
पंपघरातल्या एका पोराकडून, बोलता बोलता.

प्रबंधात हे सगळं तळटीप एक्केचाळीस.
अडीच ओळी, बारीक टाइपात.
परीक्षकानं समासात लाल शाईनं विचारलंय: स्रोत?
तीन दिवस त्या शब्दाकडे बघतेय.
काय लिहू? वाहून गेलेला कागद?

आज ती प्रश्नावली पुन्हा काढली.
सतराव्या प्रश्नापुढे एकही खूण नाही.
पाचही चौकोनांच्या पलीकडे, कडेला,
पेन्सिलीनं, अभियंत्याच्या ताठ अक्षरात:
दर शंभर मीटरला चाळीस सेंटिमीटर.
याहून कमी दिलात तर साचतं.