तीन बोटं

दौलतगंजातली रोग्यांची रांग ओसरली की
नाना सुपारी कातरत विचारतात,
"काय म्हणतो तुझा ठोकेवाला तारा?"

म्हटलं, हुकला.
लांब लहर ऐकली मार्गशीर्षात,
आखूड थेट फाल्गुनात,
दुर्बिणीवर पाळी लागली तेव्हा.
आता दोन्ही आकडे एकमेकांना ओळख देत नाहीत.
मधल्या काळात तो भडकून निवलाही असेल.

नाना हसले. "म्हणजे तू दोन रोगी तपासलेस."
आणि मुरारहून आलेल्या गिरवरच्या मनगटावर
तीन बोटं एकदम टेकवली.
"एकेक ठेवून बघ.
पहिलं उचलेस्तोवर हा खोकलेला असतो."

या खेपेला तिन्ही पट्टे एकाच रात्री मागितलेत.
एकाच ठोक्यातली आखूड लहर आधी पोचते,
लांब मागाहून,
वाटेतल्या इलेक्ट्रॉनांत अडखळत.
तिच्या उशिरावरूनच मोजायचं
मधे किती काय सांडलंय,
जे कुठल्याच डोळ्याला दिसत नाही.

"आणि नुसती थरथर असली तर?"
तिन्हींना एकाच मापानं हलवत असेल
तर ती ताऱ्याची नाही, नाना.
आपल्याच हवेतली ओल. वजा करायची.

त्यांनी डोळे मिटले.
"आपल्या बोटातही ठोका असतो.
तो वेगळा काढायला
मला अकरा वर्षं लागली."

गिरवर कुजबुजला, "बैदजी, कुछ निकला?"

"चुप. अभी तीनों बोल रही हैं."