निळी पेन्सिल

टोपीकाच्या विधानभवनात तीस वर्षं
व्हर्लिन स्ट्राउड मतं मोजत आला.
खिशात एक कार्ड, निळी पेन्सिल;
कोणाची सून बाळंत झाली,
कोणाचा गहू गारांनी झोपवला,
सगळं तोंडपाठ.

करवाढीला नाही. दारूच्या परवान्याला नाही.
शाळेच्या नव्या छपराला... थांबा, आधी मोजू दे.
मोजल्याशिवाय दार उघडू नये, म्हणायचा,
आणि दार उघडलं की आकडा तोच निघायचा.

मी त्याच्या पक्षाची नाही. कारकून आहे;
मतपेटी उपडी करायची, एवढंच माझं काम.
त्याने पाडलेल्या एका विधेयकात
माझ्या आईचं औषध होतं.
ते मी विसरलेले नाही.

नेतेपदाला तो हरला,
तेवीस विरुद्ध बावीस.
तरण्या हॅकबार्थचा हात त्याने दोन्ही हातांत धरला,
टोपी घेतली, जिना उतरला.

चिठ्ठ्या फाडण्याआधी
एक मी पुन्हा उलगडली.
हॅकबार्थचं नाव, निळ्या पेन्सिलीत,
त्या जुन्या वळणाचं.

स्वतःला मत देणं असभ्य,
असं त्याच्या गावाकडे अजून मानतात म्हणे.
असेलही.
पण मोजल्याशिवाय
तो दार उघडत नसे.