खोली अठराशे चार

मे महिन्यापासून ती खोली कुणाला द्यायची नाही.
पडदे ओढलेले. काच पुसायची नाही,
व्हॅक्युम तर नावालाही नाही.
आठवड्यातून एकदा मी बूट हातात घेऊन जाते,
नळ सोडून बघते, गंज धरू नये म्हणून,
आणि पडद्याच्या फटीला डोळा लावते.

पलीकडे हातभर अंतरावर, खडीच्या ट्रेमध्ये
बहिरी ससाण्याची तीन पिल्लं,
कबुतराचा एक पाय,
ब्लू जेची पिसं, पावसानं चिकटलेली.
इतके मळके पाहुणे
आमच्या मॅनेजरनं दुसरे कुठले खपवून घेतले असते?

खाली चौकात ब्रानिमिर बसतो
घडीच्या खुर्चीत, नारिंगी जाकिटात.
हॅमिल्टनच्या पोलादावर छत्तीस वर्षं क्रेन चालवली त्यानं,
जन्मभर वरून खाली बघितलं.
आता मान दुखते म्हणतो,
सवय नाही.
खुर्चीखाली केळ्यांचं रिकामं खोकं, एक टॉवेल,
आणि भावाचे वेल्डिंगचे हातमोजे.
भाऊ नाही आता. हातमोजे आहेत.

पायातल्या पट्टीवरून नावं: लाल, निळा, पिवळी.
नर हलके असतात, आधी सुटतात.
लाल रविवारी गेला, कुणी बघत नसताना.
निळा सोमवारी, बँकेच्या पाटीपर्यंत,
आणि तिथं बसून असा ओरडला
की बसच्या रांगेतल्या सगळ्यांनी फोन तपासले.

पिवळी राहिली.
कठड्यावर पंख झोडपायची, धूळ उडवायची,
टाचा वितभर उचलायच्या,
की पुन्हा नखं दगडात.
आई भरल्या पंजानं समोरून जायची,
पलीकडच्या छपरावर तिच्या देखत
पारवा सोलायची, सावकाश, स्वतःसाठी.
किती दुष्ट, म्हणाली रांगेतली एक बाई.
दुष्ट नाही, ब्रानिमिर म्हणाला, उपाशी ठेवलंय.
त्याला दोन्हींत फरक दिसत होता.

पंख फुटले, म्हणतात लोक.
पंख कधीच फुटले होते.
सुटत नव्हता तो पाय.

बुधवारी सरोवरावरून वारा आला.
ती उडाली की पडली, यावर अजून वाद आहे.
विम्याच्या इमारतीच्या काचेत तिनं आकाश बघितलं,
त्याला धडकली,
आणि घसरत घसरत पावाच्या ट्रकखाली.
ब्रानिमिर पोटावर झोपून आत शिरला.
बहात्तर वर्षांचा माणूस,
आणि चौकातल्या गाड्या थांबून राहिल्या,
हॉर्नशिवाय.

डॉक्टर म्हणाली, हाड शाबूत आहे, वर सोडा.
सामानाची लिफ्ट बंद. म्हणून पाहुण्यांच्या लिफ्टनं,
खोकं माझ्या हातात.
ओल्या दोन टॉवेलांइतकं वजन,
दिवसाला मी शंभर वेळा उचलते तेवढं.
सातव्याला सूटवाला एक आत आला.
खोकं फिसकारलं.
काय आहे? त्यानं विचारलं.
अठराव्याची आहे, मी म्हटलं.
तो नवव्यालाच उतरला.

छपरावर झाकण उघडून मी मागे सरले.
ती बाहेर आली. डोक्यावर अजून
पांढऱ्या लवेचा एक तुरा, वेड्यासारखा.
माझ्याकडे बघितलं तिनं.
ओळख नाही, आभार नाहीत,
नुसतं मोजलं:
ही पकडता येईल का.
बरं वाटलं मला. का, ते सांगता येत नाही.

गुरुवारी मी बाराशे अकरामध्ये चादर झटकत होते,
तेव्हा पलंगावरून एक सावली गेली.
तिची होती का, माहीत नाही.
खिडकीशी पोचेपर्यंत नुसतं ऊन.
मग फोन वाजला. ब्रानिमिर होता,
त्याच्या भाषेत काहीतरी ओरडत होता,
मला एक शब्दही कळत नव्हता
आणि मी हो, हो म्हणत होते.

जुलैत खोली उघडली.
पहिल्याच पाहुण्याची तक्रार: काच घाण आहे.
जाऊन बघितलं. धुळीत उमटलेला
एक अख्खा पंख, प्रत्येक पीस वेगळं.
बाहेरून आहे, साहेब, मी म्हटलं.
बाहेरचं माझ्याकडे नाही.