पूर्वानुभव

वनखात्याचा अर्ज कानडीत.
मष्णू सांगतो, धाकटी सुवर्णा लिहिते.

"आधीचं काम?"
खानापूरला कौलांच्या भट्टीवर नऊ वर्षं.
म्हापशात बशा धुतल्या, ते नको.
म्हशी राखल्या, ते घाल,
रान म्हशींनीच दाखवलं.

"जनावरांची माहिती कुठून?"
मष्णू गप्प.
भिंतीत अजून दोन खुंट्या आहेत,
बापाची ठासणीची बंदूक आडवी ठेवायच्या.
गवा कुठं पाण्यावर येतो
हे त्या खुंट्यांखालीच कळलं,
मटणाचे वाटे मोजताना.

सुवर्णा पेन चावते.
"आवाजावरनं, लिहू?"
"लिही."

जांबोटीच्या पुढं, ओढ्याकाठी,
पुण्याची सहा माणसं.
तो तळहात वर करतो.
सगळे थांबतात.
हात तसाच, बापाचा असायचा तसा,
बार निघेपर्यंत.

मागं कुणीतरी शिंकतं.
गवा मान वळवतो, आणि जातो.