ड्रॉपडाऊन

रात्री साडेअकरा, ऐरोली, सहावा मजला.
एका अमेरिकन कंपनीचा फॉर्म माझ्यापुढे उघडा.
भरायचा क्लीव्हलंडच्या लोकांनी,
मोडायचा मी.
याचेच मला पैसे मिळतात.
नावाच्या रकान्यात आकडे टाकते,
जन्मतारखेत एकतीस फेब्रुवारी,
पगारात उणे एक.

मग येतो वंशाचा रकाना.
बाणावर टिचकी मारली की यादी खाली घरंगळते:
गोरे, काळे, आशियाई,
मूळनिवासी, इथे बोट जरा रेंगाळतं,
दोन किंवा अधिक,
आणि तळाशी, सांगू इच्छित नाही.
मी एकेक निवडून बघते.
एका रात्रीत सहा जन्म,
आणि दर वेळी हिरवी खूण: धन्यवाद.

पलीकडे रोझलिन. तिच्याकडे दुपार, हातात सूप.
नऊ वर्षं झाली तिला त्या कंपनीत.
गेल्या महिन्यात ती कॉनरला काम शिकवत होती,
या महिन्यात कॉनर तिला मीटिंगची वेळ कळवतो.
तो टीममध्ये छान मुरेल, असं वरून आलं म्हणे.
हे सांगताना तिने कॅमेरा बंद केला नाही.
सूप तेवढं बाजूला ठेवलं.

मी म्हणाले, आय ॲम सॉरी.
दुःखाच्या बाबतीत माझं इंग्रजी
तेवढ्यावरच संपतं.

सांगायचं होतं की इथे निनाद आहे.
त्यालाही मीच शिकवलं,
लॉग कसा वाचायचा, क्लायंटपुढे कधी गप्प बसायचं.
त्याची आत्या न्यू जर्सीत, काका ह्यूस्टनला;
व्हिसाची मुलाखत त्यांच्याकडे
मुंजीसारखी पार पडते.
तो वाईट नाही, हे लिहायलाच हवं.
डबा उघडला की पहिला घास माझ्यापुढे करतो.
माझा डबा उघडला की मात्र, आज उपास आहे गं.
त्याचे उपास मोजायला बसलं
तर आठवड्याचे वार कमी पडतील.

माझं आडनाव ऐकून माणसं थबकतात.
खरात? म्हणजे मूळच्या कुठल्या?
दिघ्याच्या.
नाही, त्याआधी?
जालन्याकडच्या.
अच्छा, म्हणजे...
आणि ते 'म्हणजे' एसीच्या वाऱ्यात लोंबकळत राहतं.
रोझलिनला कुणी इतकं विचारत नाही.
तिचं उत्तर दारातच दिसतं,
माझं घडी घालून ठेवलेलं.
कुणाचं बरं, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही.

पप्पा रबाळ्याला रंगाच्या कंपनीत होते.
रिॲक्टरच्या पोटात उतरून खरवडायचे.
सोमवारी निळे होऊन यायचे, गुरुवारी किरमिजी.
आई दारातूनच विचारायची, आज कोण आलंय?
माणसाचा रंग बदलताना मी पाहिला आहे.
पगार तोच होता.

पहाटे तीनला मी बग नोंदवला.
क्रमांक चार हजार सातशे बारा.
विषय: यादी अपुरी.
पायऱ्या: फॉर्म उघडा. बाण दाबा. स्वतःला शोधा.
अपेक्षित: सापडावं.
प्रत्यक्षात: आशियाई.
गांभीर्य: मध्यम.
'गंभीर'सुद्धा होतं यादीत.
सवयीने हात मधेच थांबला.

सव्वातीनला उत्तर.
निनादचं नाव, नावाखाली त्याचं नवं पद:
बंद. ठरवल्याप्रमाणेच चालतंय.
पुढे एक हसरा चेहरा.

साडेपाचला गाडी पटनीच्या सिग्नलला उभी,
शेजारी टँकर, टपावर झोपलेला क्लीनर.
फोन थरथरला.
चार हजार सातशे बारा, पुन्हा उघडला: रोझलिन.
शेरा दोनच शब्दांचा.
इथेही येतो.

पप्पा दारात, हातात दुधाची पिशवी.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
डाव्या अंगठ्याच्या नखात निळा अजून आहे.
झालं का गं काम? म्हणाले.
नाही, म्हटलं, उघडंच आहे.