शेवटची रिकामी जागा

मोडेम त्यांचे, टेक्ससमधल्या घाऊक कंपनीचे.
आमचं फक्त नाव, आणि तीनशे बारा माणसं,
आणि हार्डवेअरच्या दुकानामागं, रंगाच्या डब्यांशेजारी
एक करडा रेडियस सर्व्हर, ज्याला विचारल्याशिवाय
हॅन्कॉकपासून कॉपर हार्बरपर्यंत
कोणालाच आत घ्यायचं नाही.

व्यवस्था अशी: माणूस घरून फोन लावतो.
मोडेम किंचाळतं, कण्हतं, मग गप्प होतं.
टेक्सस त्याच्या नावातलं ॲट चिन्ह शोधतं,
चिन्हापुढं आम्ही दिसलो की
प्रश्न उचलून माझ्याकडे धाडतं: हा तुमचा का?
मी म्हणायचं, आमचा. किंवा, नाही.
पाच सेकंद काहीच बोलले नाही
तर पुन्हा विचारतं. तीनदा. मग दार लावून घेतं.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत, आमचे जुने मोडेम विकून
त्यांचे भाड्यानं घेतले त्या पहिल्या रात्री
मी सगळ्यांनाच नाही म्हणत होते.

बाहेर उणे वीस. सरोवरावरून आलेला बर्फ
निम्म्या खिडकीपर्यंत.
रेइनो कांगास, दुकानाचा मालक, फावड्यावर रेलून विचारत राहिला,
"एइला, आपलीच माणसं आपल्याला ओळखू येईनात?"

मी तपशिलाचा नळ पूर्ण उघडला.
नावं नीट येत होती. पासवर्ड मात्र
कुठल्या मेलेल्या लिपीतले: चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं,
डोक्यावर टिंबं घेतलेले ओ, आमच्या फिनिश ओसारखे,
पण काहीच न म्हणणारे.
म्हणजे दोन्ही टोकांचं गुपित जुळत नव्हतं.
टेक्ससच्या ड्वेननं फोनवर गुपित वाचलं, मी वाचलं,
एकेक अक्षर, तान्ह्याच्या अंगावरचे तीळ मोजावेत तसं.
सारखंच. पुन्हा वाचलं. सारखंच.
पहाटे सव्वातीनला कर्सर ओळीच्या शेवटी नेला
आणि तो शेवटाच्या एक घर पुढं जाऊन थांबला.

एक रिकामी जागा.
कोणाच्या तरी अंगठ्याचा ओझरता स्पर्श.
तेवढ्यावर तीनशे बारा माणसं परकी.

पुसली. सर्व्हर पुन्हा उठवला.
अक्षरं माणसांत आली.
नळ बंद करायचं राहिलं, म्हणून मी वाचत गेले:
बोटींची नावं, मेलेल्या कुत्र्यांची,
पाद्रींच्या बायकोला न जमणारा केक,
मुख्याध्यापकांचा तर चक्क पासवर्ड हाच शब्द.
आणि वाइनो हर्माला:
ऑनी, पुढं एकतीस.

ऑनी त्याचा भाऊ. जन्म एकतीसचा.
आईला पुरून आल्यावर एका बोटीवरून बिनसलं,
त्याला बावीस वर्षं झाली.
गुरुवारी दोघंही दुकानात येतात, कधी एकाच वेळी,
खिळ्यांच्या रांगेत समोरासमोर होतात
आणि ओळख दाखवत नाहीत.

मी नळ बंद केला. रेइनोला म्हटलं, झालं.
पोटात ठेव असं मला कोणी सांगितलं नव्हतं,
घाऊक करारात तसं कलम नाही.

मार्चमध्ये वाइनोचा फोन: मला आत घेत नाहीये.
पासवर्ड सांगा, असं विचारायला नको होतं. विचारलं.
बराच वेळ तारेत नुसती खरखर.
मग सुट्या भागांचे क्रमांक सांगावेत तसं
ओ. एन. एन. आय.
नाव नाही, अक्षरं, आणि त्यांच्या मधे
एवढाल्या रिकाम्या जागा.

"कॅप्स लॉक लागलंय का बघा," मी म्हटलं.
"लागलंय," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला;
त्याच तारेनं आत यायचं होतं ना.

नोंद पाहिली. सहा चाळीस, हर्माला, स्वीकार.
सात एक्केचाळीसला सत्र संपलं.
कारण: वापरकर्त्याची इच्छा.

गुरुवारी ऑनी आला. अर्धा पौंड तीन इंची खिळे.
सुटे मोजताना मी त्याच्याकडे जरा जास्तच पाहिलं असावं.
"काय?" त्यानं विचारलं.
पाच सेकंद गेले असतील.
"काही नाही," मी म्हटलं, "पावती हवीय का?"